परीक्षा, तालीम की पदवी? तिशीत गाणं शिकायला निघालेल्यांसाठी

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव झाला की जानेवारीत गाण्याच्या चौकशीचे फोन वाढतात आणि होळीपर्यंत त्यातले निम्मे गळतात, असं आमच्या बाई हसत सांगायच्या. हे उरलेल्या निम्म्यांसाठी लिहितेय. वय तिशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीला नाहीतर खराडीला, लहानपणी थोडं शिकलेलं किंवा तेही नाही. स्टेजवर जायची घाई नाही, स्वतःसाठी गायचंय. पण स्वतःसाठी म्हणजे कसंही गाऊन चालेल, असं नव्हे.

पुण्यात अशा माणसापुढे ढोबळमानाने तीन रस्ते असतात. फी, अंतर, पार्किंग हे सगळं बघाच, पण मी त्याआधी एक प्रश्न विचारते. तुमचा सूर हलला तर तो कोण पकडणार, आणि किती लवकर?

पहिला रस्ता परीक्षांचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, नंतर विशारदच्या दोन. दरवर्षी एक म्हटलं तर सात वर्षं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात. कुठल्याही घराण्याशी नातं नसलेल्या घरांत गाणं पोचलं त्यात या शाळांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे 'क्लासवालं गाणं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. नोकरी करणाऱ्याला तर हा रस्ता सोयीचाच. वार ठरलेला, अभ्यासक्रम छापील, आणि परीक्षेची तारीख आली की आळशी माणूसही पेटी उघडतो.

गोची त्या पेटीतच आहे. बॅचमध्ये दहाजण, बाई पेटीवर, सगळे एकत्र म्हणतायत. तुमचा गंधार (ग) किंचित उतरला तरी पेटी आणि शेजारचा आवाज त्याला झाकून टाकतात. मी विशारद झाले आणि मग एका बाईंकडे शिकायला गेले. त्यांनी पहिल्या दिवशी तानपुरा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "जुळव." सात परीक्षा दिलेल्या मला चार तारा जुळवता येईनात. पंधरा मिनिटं खुंट्या पिळत बसले. त्या काही बोलल्या नाहीत, चहा करायला आत गेल्या.

दुसरा रस्ता हा, तालमीचा, गुरूसमोर एकटं बसण्याचा. इथे चूक त्याच क्षणी पकडली जाते, आणि तीच ती चूक महिनाभर पकडली जाते. भीमसेन जोशी लहान वयात गुरूच्या शोधात घर सोडून गेले आणि भटकून शेवटी कर्नाटकातल्या कुंदगोळला गायक सवाई गंधर्वांकडे पोचले. तिथे त्यांच्या तालमीचा मुख्य भर तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीन रागांवर होता. या तिनांपैकी तोडी आणि मुलतानी शेजारी ठेवून बघा. स्वर तेच: रिषभ (रे), गंधार, धैवत (ध) कोमल, म्हणजे उतरलेले, आणि मध्यम (म) तीव्र, म्हणजे चढा. मुलतानीत चढताना रिषभ-धैवत सोडायचे, पंचमाला (प) मान द्यायचा. तोडीत पंचम जपून. परीक्षेच्या पेपरात हा फरक चार ओळींत लिहिला की गुण मिळतात, मलाही मिळाले होते. गळ्यातून मुलतानी म्हणताना तोडी डोकावू नये यासाठी मात्र महिने जातात, आणि समोर ऐकणारा कान लागतो.

या रस्त्याची किंमतही सांगते. वेळ गुरूच्या सोयीची. तुमचा अमेरिकेचा कॉल आणि त्यांचा मोकळा तास एकाच वेळी येणार, हे गृहीत धरा. वर्षभर एकटा यमन रागच चालला तर घरचे विचारतील, "अजून तेच?" शिवाय कान एकच असतो. कळत-नकळत गुरूच्या लकबी, अगदी खोकणंसुद्धा, गळ्यात उतरतं. गायक भास्करबुवा बखले मात्र फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले आणि त्यातून स्वतःचं गाणं उभं केलं. त्याच बुवांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची मुळं रोवली, म्हणजे खाजगी तालमीत घडलेल्या माणसाने शाळा काढली.

तिसरा रस्ता पूर्णवेळ पदवीचा. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. संगीत, नृत्य, नाटक, सगळं. विशीतल्या मुलाने विचारलं तर मी जा म्हणेन: दिवसभर गाण्यातच, आणि आजूबाजूला टोकणारे अनेक कान. पस्तिशीत, गृहकर्जाचे हप्ते चालू असताना, केवळ ऑफिसचा कंटाळा आला म्हणून विचारलं तर नको म्हणेन. पदवीनंतर बहुतेकांचं पोट शिकवण्या आणि साथसंगतीवर चालतं. म्हणजे संध्याकाळ पुन्हा दुसऱ्यांचीच.

मला विचाराल तर नोकरी ठेवून वर्षभर क्लास, पण परीक्षेच्या घाईशिवाय. तेवढ्यात स्वरज्ञान, ताल, दोन-चार रागांची ओळख होते. मग गुरू शोधा. विशारद व्हायचंच असेल तर ते सोबत चालू द्या, भिंतीवर प्रमाणपत्र वाईट दिसत नाही. ज्यांना घरी कोणी टोकल्याशिवाय हातपाय हलत नाहीत त्यांनी मात्र परीक्षाच धराव्यात. गुरूकडे रियाज न करता जाणं दोघांनाही छळ असतो.

त्याआधी एक चाचणी फुकटात होते. मोबाइलवर तानपुरा लावा, सकाळी चाळीस मिनिटं फक्त खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) आणि एकाच थाटातले (स्वरांच्या एकाच संचातले) पलटे, म्हणजे स्वरांची फिरवाफिरव, तीन महिने. बंदिश नाही, यूट्यूब नाही. सोसायटीत भिंती पातळ असतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेसहा धरा. चाळिसाव्या दिवशीही बसावंसं वाटलं तर पुढचं बोलू.

आणि पैसे भरण्यापूर्वी ज्यांच्याकडे शिकायचंय त्यांना विचारून एक दिवस कोपऱ्यात बसा. शिष्य गात असताना ते किती वेळा थांबवतात, मोजा. तासाभरात एकदाही थांबवलं नाही, तर चप्पल घाला आणि दुसरं दार शोधा.