कान दुखरा आणि शुगर चढलेली: मांजराला फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर लावावा का?

मधुमेही मांजराची शुगर घरी तपासायची जागा ठरलेली आहे: कानाची बाहेरची कड. तिथे लान्सेट (बारीक सुई) टोचायची आणि आलेला थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावायचा. पण ज्याचा कान दर दोन-तीन महिन्यांनी सुजतो, आत काळपट मळ साठतो, ते मांजर कानाला बोटसुद्धा लावू देत नाही. त्यात शुगर चढलेली असली की कानाचं इन्फेक्शन लवकर हटत नाही, आणि इन्फेक्शन असलं की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. अशा मांजरासाठी लिब्रे सेन्सर, म्हणजे अंगावर चिकटवायची आणि कातडीखालच्या द्रवातून सतत शुगर मोजणारी चकती, खरंच घेण्यासारखा आहे, पण तो कुठे आणि कधी लावायचा हे आधी ठरवायला हवं.

सेन्सर माणसांसाठी बनवलेला आहे. मांजरांना तो व्हेटच्या सल्ल्यानेच लावतात. ३५ मिमी व्यासाची, ५ मिमी जाडीची चकती आणि खाली कातडीत जाणारा जेमतेम ५ मिमीचा मऊ तंतू. लावल्यावर ६० मिनिटांनी रीडिंग सुरू होतं आणि १४ दिवस चालतं, निदान खोक्यावर तरी तसं लिहिलंय. मांजराच्या अंगावर तो बऱ्याचदा आधीच सुटतो.

सुटण्याचं मोठं कारण चुकीची जागा. मानेवर लावणं सोपं असतं, म्हणून बरेच जण तिथेच लावतात. कान खाजणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही चूक महागात पडते. मागचा पाय कानाकडे जाताना नखं मानेवरूनच जातात, आणि कान झटकला की ड्रॉप्स आणि क्लीनरचे शिंतोडे मानेवरच उडतात. तेलकट औषधाने चिकटपट्टीची कड आधी उचलली जाते, मग धूळ आणि केस आत शिरतात. म्हणून जागा निवडायची ती छातीच्या बाजूची, पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांवर.

लावताना ट्रिमरने साधारण ५ बाय ५ सेंमी केस काढा. अल्कोहोल स्वॅबने पुसा आणि कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या. ओलसर राहिली तर पट्टी धरत नाही. व्हेट वापरतात तो टिश्यू ग्लू (कातडीला चालणारा गोंद) चिकटपट्टीच्या बाहेरच्या कडेवर ३-४ थेंब, मधल्या सुईच्या भोकाजवळ अजिबात नाही. मांजराची कातडी सैल असते, ती ताणून धरली नाही तर तंतू दुमडतो आणि थोड्याच वेळात ‘एरर’ येतो. अ‍ॅप्लिकेटरचा खट्ट आवाज होतो, त्याने मांजर दचकतं, तेव्हा एकाने धरायचं आणि दुसऱ्याने लावायचं. नंतर चकती अर्धा मिनिट हलकेच दाबून ठेवा. इन्सुलिनची सुई सेन्सरपासून लांब, दुसऱ्या कुशीला द्या.

सेन्सरजवळ रीडर (त्याचं छोटं यंत्र) किंवा फोन धरून स्कॅन केलं की आकडा दिसतो. रीडर आणि फोन दोन्ही वापरायचे असतील तर सेन्सर आधी रीडरने सुरू करा. फोनने सुरू केलेला सेन्सर रीडर घेत नाही. पहिल्या पिढीचा सेन्सर फक्त ८ तासांचा डेटा साठवतो. रात्री ११ला स्कॅन केलं आणि सकाळी ९ला पुन्हा, तर मधले २ तास आलेखातून गळाले. त्यात अलार्मही नाही, हे रात्री शुगर घसरणाऱ्या मांजराच्या बाबतीत गंभीर आहे.

सेन्सरचा सगळ्यात मोठा उपयोग कानाच्या औषधाच्या वेळी होतो. कानाच्या पुष्कळ ड्रॉप्समध्ये बीटामेथासोन, डेक्सामेथासोन किंवा मोमेटासोन असतं. ही स्टिरॉइड्स कानातून थोडी रक्तात जातात आणि इन्सुलिनला विरोध करतात. शुगर चढते, मग डोस वाढवला जातो. खरा धोका त्यानंतर असतो: कोर्स संपतो, स्टिरॉइड उतरतं, वाढवलेला डोस मात्र तसाच राहतो आणि शुगर एकदम खाली येते. १० दिवसांचा कोर्स असेल तर सेन्सर आदल्या दिवशी लावा, म्हणजे औषध संपल्यानंतरचे निसरडे ३ दिवसही दिसतात. ड्रॉप्स लिहून घेतानाच मांजर मधुमेही आहे हे सांगा. कानातल्या मळाची स्लाइड तपासून यीस्ट (बुरशी), जंतू की माइट्स (कानातले बारीक किडे) हे ठरलं, तर बिनस्टिरॉइडचं औषध देता येईल का ते डॉक्टरांना नीट ठरवता येतं. ड्रॉप्स मधेच आपल्या मनाने बंद करू नका.

आकड्यांबद्दल थोडं सावध राहा. पहिला दिवस सेन्सर अंगाशी जुळेपर्यंत वाया गेला असंच धरा. रक्तातला बदल त्याला काही मिनिटं उशिरा कळतो. मांजर त्याच कुशीवर झोपलं तर खोटं ‘लो’ दिसतं. त्याला उठवा, थोड्या वेळाने पुन्हा स्कॅन करा. पहिल्या पिढीचा सेन्सर ४०च्या (मिग्रॅ/डीएल) खाली आणि ५००च्या वर आकडा दाखवत नाही. ६०च्या आसपास दिसलं तर रक्त तपासूनच खात्री करा. कान दुखरा असला तरी पुढच्या पायाच्या मनगटापाशी असलेल्या गादीतून थेंब मिळतो. मात्र माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची शुगर बहुधा कमी दाखवतो, कारण मांजराच्या रक्तातली बहुतेक साखर तांबड्या पेशींत नसून प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ द्रवात) असते. मांजर लडखडत असेल, झिंगल्यासारखं वाटत असेल तर आकड्याची वाट न पाहता हिरड्यांना मध चोळा आणि व्हेटकडे न्या.

आकडा चांगला दिसतोय म्हणून किंवा वाढलाय म्हणून घरच्या घरी युनिट बदलू नका. सिरिंजही तपासा: आपल्याकडे लाल टोपीची यू-४० (एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी) आणि नारिंगी टोपीची यू-१०० (एका मिलीत १०० युनिटसाठी) दोन्ही मिळतात. ग्लार्जिनसारखं यू-१०० इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १च्या खुणेपर्यंत घेतलं, तर मांजराला जातात अडीच युनिट. सेन्सर ही चूक दाखवेल, पण तोवर शुगर कोसळलेली असेल.

किंमत ही खरी अडचण आहे. दर पंधरवड्याला सेन्सर परवडणारा नाही. शुगर स्थिर असलेल्या, कान बरे असलेल्या मांजराला साध्या मीटरवर भागतं. कान फुलला किंवा डोस बदलायचा असला, तेव्हाच एक सेन्सर लावा. काढताना ओढू नका, कडेने खोबरेल तेल लावून थोडं थांबा, पट्टी आपोआप सैल पडते. खालची कातडी लालसर दिसली तर पुढचा सेन्सर दुसऱ्या बाजूला.