संशोधन प्रश्न की परिकल्पना: सिनॉप्सिसमध्ये काय लिहावं?

सिनॉप्सिस म्हणजे संशोधन सुरू करण्याआधी द्यायचा आराखडा. निकाल कोणत्या बाजूला झुकेल, हे आज कारणासह सांगता येतंय का? येत असेल तर तो तपासता येणारा अंदाज, म्हणजे परिकल्पना, लिहा, नाहीतर प्रश्नच ठेवा.

'ऊसतोड कामगारांची तिसरीतली मुलं हंगामानंतर शाळेत परतल्यावर वाचताना कुठे अडतात?' हा प्रश्न आहे. अडचण जोडाक्षरांची आहे की अर्थ लागण्याची, हे अजून कळायचंय. पंधरावीस मुलांचं वाचन रेकॉर्ड करून चुकांची वर्गवारी केली तरी हातात बरंच काही येतं. मात्र 'ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या' एवढा पसारा मांडलात, तर प्रश्नावलीत काय विचारायचं हेच ठरत नाही.

'रोज २० मिनिटं प्रकट वाचन करणारी तिसरीतली मुलं ८ आठवड्यांनंतर एका मिनिटात, नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी जास्त शब्द अचूक वाचतील' ही परिकल्पना. कोण, काय केलं, कोणाच्या तुलनेत, कशात मोजलं, किती काळाने: यातलं एक जरी गळलं तरी ती तपासता येत नाही. 'अनुकूल परिणाम होतो' असं मोघम लिहिलं की ती खोटी ठरायला वावच उरत नाही. आणि 'परिणाम होतो का?' असं प्रश्नचिन्ह लावून सुटका होत नाही. तुलनेचा गट तिथेही लागतोच.

परिकल्पनेची खरी किंमत नमुन्यात, म्हणजे अभ्यासात किती मुलं घ्यावी लागतात त्यात, मोजावी लागते. दोन गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) असेल, तर ५% सार्थकता स्तर (फरक नसताना तो आहे असं निघण्याची चालवून घेतलेली शक्यता) आणि ८०% पॉवर (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून टू-टेल्ड टी-चाचणीला (दोन सरासरींतला फरक दोन्ही दिशांनी तपासणारी चाचणी) प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. फरक ०.२ प्रमाण विचलनाइतकाच असेल तर ३९४. अख्खे वर्गच गटांत वाटले तर आणखी जास्त, कारण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. इतकी मुलं मिळणार नसतील तर प्रश्नाकडे वळणं प्रामाणिकपणाचं.

परिकल्पना दोन-तीनच ठेवा. ५% स्तरावर २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर प्रत्यक्षात कुठेच फरक नसतानाही निदान एक 'सार्थक' निघण्याची शक्यता सुमारे ६४% असते. आकडे पाहून मग परिकल्पना लिहिणं तर साफ चूक.

'गृहीतक' हा शब्द अनेकजण परिकल्पनेसाठीच वापरतात. पण चाचणीत मुलं मनापासून वाचतील, हे न तपासता धरून चालतो, ते गृहीतक. दोन्हींचे मथळे वेगळे ठेवा.

विभागाने दिलेल्या सिनॉप्सिसच्या अर्जात 'परिकल्पना' हा रकाना आहे म्हणून शोधपर अभ्यासात 'सार्थक फरक नाही' हे वाक्य भरू नका. तिथे उद्दिष्टं आणि प्रश्न लिहून, परिकल्पना का नाही याचं कारण दोन ओळींत द्या.