डावा खांदा आणि डावी रिकीब: विजापूर रोडच्या फिजिओथेरपी मॅडमचा अनुभव

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते आणि दोन वर्षांपासून घोड्यावर बसायला शिकते आहे. मुलीला सोडायला जायचे, तिचं दहावीचं वर्ष आलं तशी ती थांबली आणि मी सुरू झाले. सोलापूरजवळ होटगीच्या बाजूला एका शेतावर पाच घोडी आहेत. माझ्या वाट्याला येते ती चांदणी, काठियावाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी.

गेल्या दिवाळीपासून माझा डावा खांदा धरला होता. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत कुणी दोरी पिळून बांधावी तसं. दुडक्या चालीवर वीस मिनिटं झाली की डावी मूठ आपोआप आवळायची, चांदणी मान वर फेकायची, तिने मान फेकली की मी आणखी ताठ. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. आधी एका ठिकाणी दहा दिवस यंत्राचा शेक घेतला, दिवसाला तीनशे रुपये. शेकल्यावर संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, सकाळी खोगिरावर बसले की पुन्हा तेच. मी घोड्यावर बसते हे त्या दहा दिवसांत कुणी विचारलं नाही आणि सांगायला हवं हे मलाही सुचलं नाही.

पेढीवरच्या एका बाईंनी विजापूर रोडच्या या मॅडमचं सांगितलं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी पाऊण तास नुसती तपासणी. हातात मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, कधी पडलात का, हे आधी विचारलं. मी मागच्या वर्षी पडले होते म्हटल्यावर मानेचा एक्स-रे बघितल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. मला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे घेऊन गेले तेव्हा त्यांनी लाकडी बाकावर सोलापुरी चादरीची जाड घडी ठेवली, मला दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवलं आणि म्हणाल्या, "ताई, बसा तशा जशा घोड्यावर बसता."

मी बसले. छाती बाहेर, खांदे मागे. दोन वर्षं मैदानावर हेच ऐकत आले होते. मॅडमनी माझ्या कमरेच्या खळगीत तळहात ठेवला, तो पूर्ण आत बसला. "खांदे मागे ओढताना तुम्ही कंबर मोडताय. वजन मांडीच्या पुढच्या बाजूला गेलं. खालची हाडं बाकाला लागतायत का सांगा." लागत नव्हती. कुल्ल्यांखालची ती दोन हाडं, ज्यांच्यावर आपण बसतो, ती सारखी टेकली की कंबर आपली आपण सरळ होते, बरगड्या तिच्यावर येतात, आणि डोक्याचं साडेचार-पाच किलोचं ओझं मानेच्या स्नायूंनी धरून ठेवावं लागत नाही. खांदे मागे घ्यायचेच नाहीत, खाली सोडायचे. श्वास सोडताना. कान, खांदा, खुबा, टाच एका ओळीत.

शेतावरचे चाचा, घोड्यांच्या सेवेत ज्यांची हयात गेली, ते हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे: मांड पक्की तर हात मोकळे. मी समजायचे मांड म्हणजे गुडघे आवळणं. आषाढीच्या वारीत अकलूजच्या गोल रिंगणात पताका घेतलेला स्वार किती वेळा पाहिला आहे! घोडा भरधाव, एका हातात पताका, आणि खांदे बघावेत तर पाण्यासारखे सैल. ते कुठून येतं हे मला त्या बाकावर कळलं.

व्यायाम पाचच दिले. सगळ्यात कामाचा टॉवेलचा. आपल्याकडचा जाड सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळायचा, जमिनीवर ठेवून त्यावर पाठीचा कणा लांबीत येईल असं झोपायचं, डोकंही टॉवेलवरच, हात दोन्हीकडे तळवे वर करून पसरायचे, पाच मिनिटं. काहीच करायचं नाही. पहिल्या दिवशी माझा डावा हात जमिनीपासून चार बोटं वर अधांतरी राहिला. मॅडम म्हणाल्या, छातीचे स्नायू आखडून खांद्याला पुढे ओढतात आणि मागचा स्नायू दिवसभर त्यांच्याशी भांडतो, तो दुखतो म्हणून मागेच शेकत बसून काय होणार. माझे वडील यंत्रमागावर होते. तुटलेला धागा जोडायला वाकून वाकून त्यांचे खांदे कायमचे पुढे आले. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तसे खांदे घरोघरी दिसतात. मी माग चालवला नाही, पण खातेवहीवर आणि कॉम्प्युटरपुढे वाकून तोच आकार घेतला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हाताची मागची बाजू फरशीला लागली, तेव्हा मला वडील आठवले आणि तिथेच रडू आलं. मॅडमनी पंखा मोठा केला आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसल्या.

पण मी हे लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी. चौथ्या वेळेनंतर मॅडम स्वतः म्हणाल्या, मला तुम्हाला घोड्यावर बघायचंय. रविवारी सकाळी सहाला आपल्या स्कूटीवरून शेतावर आल्या. त्या घोड्यावर कधी बसलेल्या नाहीत, आणि तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मला पुढून चालवलं, मग मागून. मागून बघताना म्हणाल्या, "ताई, तुमचं डावं पाऊल खाली आहे." चाचांनी दोन्ही रिकिबींचे, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांचे, पट्टे काढून शेजारी शेजारी धरले. भोक तेच, पण डावा पट्टा जवळजवळ बोटभर लांब! आपण सगळे डावीकडूनच घोड्यावर चढतो, सगळं वजन त्याच रिकिबीवर पडतं, चामडं हळूहळू ताणतं. मी इतके महिने डाव्या पायाने रिकीब शोधत होते, डावी बाजू खचत होती आणि ती सावरायला खांदा वर चढत होता.

चाचांनी डावा पट्टा एक भोक वर घेतला. मग मॅडमनी मला मोठ्याने आकडे मोजायला लावलं, कारण मोजताना श्वास रोखता येत नाही. आम्हा दोघींच्या घरची भाषा तेलुगू, म्हणून ओकटी, रेंडू, मूडू. शंभराच्या आत चांदणीने मान खाली लांब केली आणि नाकातून जोरात फुर्रर केलं. घोडं अंग सैल सोडतं तेव्हा असं करतं. दोन वर्षांत माझ्याखाली तिने ते पहिल्यांदा केलं होतं.

आता तक्रारी. वेळ घेऊन गेलं तरी अर्धा-पाऊण तास बसावं लागतं, एकदा तर दीड तास. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मी होम मैदानाकडून जाऊन अडकले, उशिरा पोहोचले तर नंबर गेलाच, फोन करूनही ठेवला नाही. व्यायामाचा कागद इंग्रजीत, झेरॉक्सवर झेरॉक्स, चित्रातला हात कुठला तेही कळत नाही. पेशंट बहुतेक मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे, त्यांना तो कागद काय उपयोगाचा? मी मॅडमना हे तोंडावर सांगितलं आहे, मराठीत लिहून द्यायची तयारीही दाखवली आहे.

एका वेळेचे चारशे. मला आठ वेळा जावं लागलं. शेतावर आल्याचे त्यांनी सहाशे घेतले, मी हजारही आनंदाने दिले असते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. मार्चअखेरीला पेढीवर रात्री उशिरापर्यंत बसले की खांदा बोलतोच. पण आता रात्री डाव्या कुशीवर झोपते, आणि दुडक्या चालीवर अर्धा तास झाला तरी मूठ उघडी राहते.

कुणी जाणार असाल तर सकाळी दहाच्या आधीची वेळ मागा, गर्दी कमी असते. घोड्यावर बसत असाल तर पहिल्याच दिवशी तसं सांगा. आणि त्याआधी घरीच रिकिबीचे दोन्ही पट्टे काढून एकावर एक ठेवून बघा. आमच्या शेतावरच्या पाचही खोगिरांचे डावे पट्टे लांब निघाले. चाचा आता दर महिन्याला डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावतात.