जुनी हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं छोटं ऑफिस आहे, हळदीच्या अडत्यांचे हिशोब आणि जीएसटी बघतो. ५०० जीबीची हार्डडिस्क भरली म्हणून २ टीबीची टाकायचं ठरवलं. अख्ख्या सिस्टिमची बॅकअप इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर होतीच, विंडोज, टॅली सगळं, फक्त नवीन डिस्कवर रिस्टोअर करायचं होतं. दुकानदार म्हणाला ठेवून जावा साहेब, संध्याकाळी न्या.

संध्याकाळी ५५०० दिले, घेऊन आलो. सगळं जसंच्या तसं, पण सी ड्राइव्ह ४६५ जीबीच, म्हणजे जुन्या ५०० च्या डिस्कवर दिसायचा तेवढाच! फोन केला तर म्हणे उरलेली जागा लॉक असते, अ‍ॅक्टिव्हेट करायचे १५०० होतील. तेही दिले. माझ्यासमोर विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघडलं, काळ्या पट्टीखाली अनअलोकेटेड (म्हणजे मोकळी पडलेली जागा) लिहिलेलं, सी वर राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट, दोन मिनिटांत झालं. लॉक बिक काही नसतं हो, इमेज जुन्या मापाचंच पार्टिशन (डिस्कचा कप्पा) बनवते आणि वाढवायची सोय विंडोजमध्येच फुकट आहे. कधी सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठीचं रिकव्हरी पार्टिशन आलं की एक्स्टेंड दबत नाही, मग ते आधी हलवावं लागतं, एवढंच.

रविवारी भाचा आला, डिस्क टिकटिक करतीय म्हणून त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. पॉवर ऑन अवर्स ३१,००० च्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं रात्रंदिवस चाललेली डिस्क मला नवी म्हणून दिली. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी कधीच संपलेली. हे तास शून्य करूनही विकतात, त्यामुळे नंबर तपासाच आणि तो बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘हार्डडिस्क २ टीबी’ एवढंच आहे, म्हणून दुकानदार आता म्हणतो ही डिस्क आमची नव्हेच.

पैशाचं एक वेळ सोडा, माझी जुनी डिस्क कुठाय विचारलं तर म्हणे खराब होती, एक्स्चेंजमध्ये गेली. अहो चालू डिस्क होती ती! त्यात लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं स्कॅन करून ठेवलेली, आणि वरवर फॉरमॅट मारलं तरी ते परत काढता येतं. लोकांनी विश्वासाने कागद दिलेत माझ्याकडे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय, आणि एकेका अडत्याच्या गाळ्यावर जाऊन स्वतः सांगतोय की असं झालंय, बँक खात्यावर लक्ष ठेवा. अजून चौदा जण राहिलेत.