जनरेटरसाठी ६३ अँपिअरचा डीपी चेंजओव्हर: घ्यावा, पण लेबल वाचून

सिंगल फेज घर आणि अडीच-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर असेल, तर पत्र्याच्या पेटीतला, हाताने फिरवायचा दोन पोलचा (डीपी) चेंजओव्हर पुरे, म्हणजे घराचा फेज आणि न्यूट्रल एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच. अडीच केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ११ अँपिअर, मग ६३ चा कशाला? कारण एरवी घराचा अख्खा लोड याच स्विचमधून जातो. चार पोलचा थ्री फेजवाल्यांसाठी. दुकानदार गळ्यात मारू बघेल.

लेबलवर आयएस/आयईसी ६०९४७-३ आणि एसी-२३ए (मोटरसारखा लोड झेपणारा) बघा. नुसतं एसी-२१ म्हणजे गीझरसारख्या लोडचा स्विच. चालू पंपावर हँडल फिरवलं की कॉन्टॅक्ट जळणार. हँडल मधल्या शून्यावर, म्हणजे दोन्ही सप्लाय बंद, खटकन थांबायला हवं.

मीटरनंतरच्या मेन स्विचमधून फेज आणि न्यूट्रल एका बाजूला, जनरेटरचे दोन्ही दुसऱ्या बाजूला, कॉमन टर्मिनलवरून डीबी (घरातली एमसीबींची पेटी). काही वायरमन फक्त फेज स्विचमधून घेतात, न्यूट्रल स्विच सोडून थेट एकत्र जोडतात (लूप करतात). ते चालवून घेऊ नका: जनरेटर चालू असतानाही घर खांबावरच्या न्यूट्रलला बांधलेलंच राहतं. सप्लाय देण्याआधी मल्टीमीटर बीपवर लावून तपासा. दोन्ही इनकमिंगमध्ये हँडलच्या कुठल्याच स्थितीत बीप येता कामा नये.

दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणाऱ्यांना मात्र काय म्हणावं! मेन बंद करायचा राहिला, तर करंट मीटरमधून उलटा ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो, तिथे चढून ११ केव्हीच्या लाइनवर येतो, आणि लाइट गेली म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती लागतो. शिवाय एक टोक निसटलं तर उघड्या पिनाच लाइव्ह.

पेटीच्या उणिवा: केबलच्या भोकांच्या कडा धारदार असतात, ग्लँड (भोकात केबल धरून ठेवणारा तुकडा) लावलाच पाहिजे. अर्थिंगच्या स्क्रूखाली रंग असतो, तो खरवडून काढा. ॲल्युमिनियमची वायर असेल तर टोकाला योग्य लग (दाबून बसवायचं धातूचं टोक) लावा, नाहीतर टर्मिनल ढिला पडून तापतो.

आरसीसीबी (लीकेज झालं की सप्लाय तोडणारी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो, त्यामुळे लीकेज झालं तरी ती पडेलच असं नाही. मॅन्युअल बघून ही न्यूट्रलची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

लाइट गेल्यावर हँडल शून्यावर, एमसीबी खाली, जनरेटर घराबाहेर मोकळ्या हवेत सुरू. दोन-तीन मिनिटं चालला की हँडल जनरेटरवर, मग आधी फ्रिज, नंतर दिवे-पंखे. एक एचपीचा पंप सुरू होताना पाच-सहापट करंट ओढतो. अडीच केव्हीएला तो झेपेलच असं नाही.