ऑइल जळाल्याचा वास आणि 'इंजिन काम'च्या नावाखाली घातलेली टोपी

सातारा भागात कुणाच्या गाडीत ऑइल जळाल्याचा वास येत असेल आणि गॅरेजवाला बॉनेट उघडल्या उघडल्या 'रिंगा (पिस्टनवरच्या, ऑइल वर येऊ न देणाऱ्या कड्या) गेल्यात, इंजिन काम निघालंय' म्हणाला तर तिथून सरळ गाडी काढा. आमचे 31,500 गेलेत म्हणून सांगतोय.

गाडी पेट्रोलची, तीन सिलेंडरची, जुनी पण मेंटेन केलेली. पुण्याहून येताना खंबाटकी चढून आलो की आनेवाडी टोलनाक्याला लायनीत थांबल्यावर एसीतून करपट वास यायचा, गाडी पळायला लागली की गायब. धूर नाही, पिकअप कमी नाही, ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल सर्व्हिसिंगनंतर केसभर खाली आलेली, तेवढीच. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, सगळा खेळ इथंच आहे.

हायवेला एका गॅरेजला दाखवली (नाव लिहीत नाही, मॅटर चालू आहे). त्याने गरम इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं, पोराला रेस करायला लावली आणि तिथून वाफ आली ती दाखवून म्हणाला बघा साहेब कसा धूर मारतंय, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गेलंय. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळं बोट आमच्या हिच्यासमोर धरलं, वहिनी हे बघा इंजिन ऑइल खातंय, घाटात सीज झालं तर लेकराबाळांना घेऊन रस्त्यावर उभं राहाल. झालं, ही घाबरली आणि आम्ही काम करायला दिलं. आता खरं सांगायचं तर गरम इंजिनचं झाकण काढलं की थोडी वाफ चांगल्या इंजिनची पण येते, भकाभका धूर आणि प्रेशर असेल तर गोष्ट वेगळी. आणि पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरला काजळी धरतेच, कोरडी असली तर ऑइलचा काही संबंध नाही, ऑइल खाणाऱ्या गाडीची काजळी चिकट तेलकट लागते आणि मागून निळसर धूर येतो, पट्टीवरची लेव्हल पण भराभर उतरते.

पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी उगाच अंगावर पडेल. तरी मी हट्टाने लेटरहेडवर कामाची यादी लिहून घेतली आणि शिक्का मारून घेतला. गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन धुऊन चकाचक, वास बंद. आठवडाभर खूश. मग एका रविवारी कासला निघालो तर यवतेश्वरचा घाट चढून थांबलो आणि परत तोच वास! फोन केला तर उत्तर ठरलेलं, 'नवीन रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो, हजार किलोमीटर पळवा.'

चुलतभावाने कराडला त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेलं. वयस्कर माणूस, सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी रेसबिस काही केली नाही, गाडी थंड होऊ दिली आणि मोबाईलची बॅटरी मारून टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) मागच्या कडेला बघत बसले. तिथे ऑइलची ओली रेघ, तिच्या खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) पत्र्यावर करपून काळा झालेला डाग. कव्हरखालचं रबरी पॅकिंग कडक झालेलं, थेंब थेंब ऑइल बाहेर येऊन गरम मॅनिफोल्डवर जळतंय, उभ्या गाडीत तो वास काचेच्या खालच्या जाळीतून एसीत ओढला जातो, पळताना वारा उडवून नेतो. पहिल्या गॅरेजवाल्याने इंजिन धुतलं म्हणून आठवडाभर वास नव्हता, बाकी काही नाही. कव्हर खोलून पॅकिंग हातात घेतलं तर चकलीसारखं कडकन मोडलं.

मग मी ती लेटरहेडवरची कामाची चिठ्ठी दाखवली. तात्या म्हणाले रिंगा बदलायच्या तर हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायला लागतं आणि खालनं चेंबर (ऑइल साठायचं भांडं) पण खोलायला लागतो, चला बघू. गाडी वर घेतली तर चेंबरच्या बोल्टांवर चिखलाचे जुने खडे तसेच घट्ट, पान्याचा एक ओरखडा नाही. हेडच्या बोल्टांना पण हात लागलेला नाही. आणि चिठ्ठीवर काय, तर रिंग सेट नग 4. अहो तीन सिलेंडरच्या गाडीला चार!

तात्यांनी पॅकिंग नवीन टाकलं आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा) पण साफ केला, तो चोकअप झाला की आत प्रेशर वाढतं आणि नवीन पॅकिंगमधून पण ऑइल बाहेर ढकललं जातं. सगळं मिळून 1,150 रुपये. मॅनिफोल्डवर राहिलेलं ऑइल जळून जाईपर्यंत थोडे दिवस वास येतो, तेव्हा लगेच दुसरं गॅरेज गाठू नका. आणि फक्त वासच आहे म्हणून सोडून पण देऊ नका, गरम मॅनिफोल्डवर ऑइल सांडत राहिलं तर आग लागू शकते.

कुणी रिंगा म्हणालाच तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्लग काढून तिथं गेज लावतात, प्रत्येक सिलेंडरचं रीडिंग समोर लिहून घ्या. कमी आलं तर त्याच सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, रीडिंग वाढलं तर रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे, नाहीतर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग बघायला लागतं. काम चालू असताना हेड उतरवलेलं स्वतः जाऊन बघा, फोटो काढा.

चिठ्ठी, चेंबरचे फोटो आणि यूपीआयचा पुरावा घेऊन मी गॅरेजला गेलो तर आधी आवाज चढवला, मग म्हणे पोरांनी चुकून दुसऱ्या गाडीचं लिहिलं. मग आमच्या गाडीचं काय केलं ते दाखवा म्हटलं तर गप्प. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवल्यावर त्याने 12,000 परत टाकले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय, 5 लाखापर्यंतच्या मॅटरला तिथं फी लागत नाही आणि 2 वर्षांच्या आत जायचं असतं. ज्यांनी अशीच इंजिन कामं केलीत त्यांनी गाडी एकदा वर घेऊन चेंबरचे बोल्ट बघून घ्या.