शॉर्ट्स नकोत, पण यूट्यूब हवं: कोणता उपाय कोणाला लागू पडतो?

तासाभराची मुलाखत ऐकायची म्हणून ॲप उघडावं आणि मुलाखत सुरूही न होता अर्धा तास शॉर्ट्स नावाच्या छोट्या उभ्या व्हिडिओंत निघून जावा, असं ज्यांचं वरचेवर होतं त्यांच्यासाठी हा आढावा आहे. यूट्यूब सोडायचं नाही, कारण शिकण्यासारखं तिथे खरोखर खूप आहे. फक्त शॉर्ट्सचा मारा आवरायचा आहे. एकाच बटणाने सगळीकडचे शॉर्ट्स नाहीसे व्हावेत अशी सोय सेटिंगमध्ये नाही, म्हणून उपलब्ध उपायांतून निवड करावी लागते. "सगळ्यात चांगलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) कोणतं?" हा प्रश्न त्यात नंतर येतो. आधी पाहायला हवं की शॉर्ट्स आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने येतात.

वाटा सहा आहेत: होमवरची पट्टी, ॲपच्या तळाशी असलेला शॉर्ट्सचा टॅब, शोधाचे निकाल, सबस्क्रिप्शनचं पान, चालू व्हिडिओसोबतच्या शिफारशी आणि नोटिफिकेशन. बहुतेक उपाय यातल्या एक-दोनच अडवतात. त्यातही होमवरची पट्टी मला तितकी घातक वाटत नाही. तिथे चार-पाच चित्रं दिसतात, नजर पुढे सरकते. खरी ओढ लागते ती त्यातलं एक उघडल्यावर. शॉर्ट संपला की तोच पुन्हा सुरू होतो, अंगठा वर सरकवला की पुढचा आपोआप चालू होतो, आणि काय पाहायचं हे ठरवायची वेळच आपल्यावर येत नाही. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टची कमाल लांबी साठ सेकंदांवरून तीन मिनिटांवर गेली, म्हणजे "एकच पाहतो" या म्हणण्याचा अर्थही बदलला. म्हणून प्रत्येक उपायाला मी दोनच कसोट्या लावल्या आहेत: सहापैकी किती वाटा बंद होतात, आणि चुकून एक शॉर्ट उघडलाच तर पुढची रांग थांबते का.

मेनूतली बटणं

सगळ्यात सोपा उपाय हाच आणि सगळ्यात कमजोरही हाच. होमवरच्या पट्टीशेजारच्या तीन टिंबांत शॉर्ट्स कमी दाखवण्याचा पर्याय असतो. तो दाबला की पट्टी जाते, पण काही दिवसांनी परत येते. टॅब जागेवर राहतो, शोध तसाच राहतो. एखाद्या व्हिडिओवर "रस नाही" म्हणणं तर त्याहून फिकं.

याबाबत एक चांगली पाहणी आहे. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये बावीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबची ही बटणं तपासली. नकोशा शिफारशी टाळण्यात "या चॅनेलची शिफारस करू नका" हे बटण ४३ टक्के उपयोगी पडलं, हिस्टरीतून, म्हणजे पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदीतून, व्हिडिओ काढणं २९ टक्के, नापसंतीचा अंगठा १२ टक्के आणि "रस नाही" फक्त ११ टक्के. ही तपासणी सगळ्या प्रकारच्या व्हिडिओंची होती, नुसत्या शॉर्ट्सची नव्हे. पण तिच्यावरून निवड सोपी होते. तुम्हाला शॉर्ट्स चालतात, फक्त भडक किंवा खोटी माहिती देणारे नकोत, असं असेल तर व्हिडिओवर नाराजी दाखवत बसू नका, थेट चॅनेलच बाजूला करा. शॉर्ट्सच नकोत असं असेल तर या मेनूवर वेळ घालवू नका.

टायमर की वॉच हिस्टरी?

दोन्ही यूट्यूबच्याच सेटिंगमध्ये आहेत, दोन्ही फुकट आहेत, पण स्वभावाने अगदी वेगळे.

टायमर २०२५ च्या ऑक्टोबरात मोबाइल ॲपमध्ये आला. दिवसाला शॉर्ट्सच्या फीडमध्ये किती वेळ घालवायचा ते आपण ठरवायचं. तेवढा वेळ झाला की स्क्रोल थांबून सूचना येते. याची जमेची बाजू मोठी आहे. फोनमधल्या नेहमीच्या स्क्रीन टाइमसारख्या सोयी अख्ख्या ॲपला मर्यादा घालतात, मग लांब व्याख्यानाची मिनिटंही त्यातच मोजली जातात. हा टायमर फक्त शॉर्ट्सची मिनिटं मोजतो. पण मोठ्या माणसाला ती सूचना एका टिचकीत बाजूला सारता येते. ज्याला वेळेचं भान राहत नाही पण आठवण करून दिली की उठता येतं, त्याच्यासाठी हा चांगला. ज्याचा अंगठा सूचना वाचण्याआधीच ती बंद करतो, त्याच्या हातात यातून फारसं काही पडणार नाही.

हिस्टरीचा उपाय मुळावर जातो. ऑगस्ट २०२३ पासून, वॉच हिस्टरी बंद असेल आणि मागचाही फारसा इतिहास खात्यात नसेल, तर यूट्यूब होमवर शिफारशी दाखवत नाही. वर शोधाची चौकट राहते, खाली जवळपास कोरं पान. शॉर्ट्सच्या टॅबलाही हेच लागू होतं: तिथे व्हिडिओंऐवजी शिफारशी बंद असल्याचा मजकूर येतो. म्हणजे एका सेटिंगने दोन मोठ्या वाटा बंद होतात, तेही काही इन्स्टॉल न करता. पुष्कळ जण इथे एक गोष्ट विसरतात. हिस्टरी नुसती थांबवून पुरत नाही, साठलेली हिस्टरी पुसावीही लागते. ती राहिली तर तिच्या आधारे शिफारशी येत राहतात.

याची किंमतही आहे आणि ती आधी माहीत असावी. अर्धवट पाहिलेला व्हिडिओ जिथे सोडला तिथून सुरू होत नाही, कोणता पाहून झाला हे दाखवणारी लाल रेघ दिसत नाही, आणि "परवा पाहिलेला तो व्हिडिओ" शोधायला हिस्टरीचं पान उपयोगी पडत नाही. अभ्यासाची लांब मालिका टप्प्याटप्प्याने पाहणाऱ्याला हे जाचेल. त्याने ती मालिका प्लेलिस्टमध्ये ठेवावी आणि कुठल्या भागाच्या कितव्या मिनिटाला थांबलो ते लिहून ठेवावं. किंवा अभ्यासासाठी हिस्टरी चालू असलेलं एक खातं आणि एरवीसाठी बंद असलेलं दुसरं, अशी विभागणी करावी. शोध, सबस्क्रिप्शनचं पान आणि व्हिडिओसोबतच्या शिफारशी या वाटा मात्र हिस्टरी बंद करूनही उघड्या राहतात.

या दोहोंत मी हिस्टरी बंद करण्याच्या बाजूचा आहे. टायमर रोज नव्याने निग्रह मागतो. हिस्टरी बंद करण्याचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो, आणि तो मोडायचा तर सेटिंग मुद्दाम पुन्हा बदलावं लागतं. तेवढ्या अंतरात बरेचदा विचार बदलतो.

संगणकावर

इथे सहाही वाटा अडवता येतात. अनहुकसारखं एक्स्टेन्शन शॉर्ट्स, होमचं फीड, बाजूच्या शिफारशी, प्रतिक्रिया असे यूट्यूबचे भाग वेगवेगळे लपवू देतं. एकेक खूण करायची आणि विसरून जायचं. दुसरा मार्ग यूब्लॉक ओरिजिनसारख्या जाहिराती अडवणाऱ्या ब्लॉकरमध्ये शॉर्ट्स लपवणारी फिल्टर यादी घालण्याचा. ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांना नवं काही बसवावं लागत नाही. पण मूळ यूब्लॉक ओरिजिन आता क्रोमवर चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती आहे.

सवय नसलेल्याने अनहुकचा मार्ग घ्यावा, ब्लॉकर हाताळता येणाऱ्याने फिल्टर यादीचा. दोन्हींची अडचण एकच: यूट्यूबने पानाची रचना बदलली की लपवलेली पट्टी पुन्हा दिसू लागते आणि दुरुस्ती येईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय असं एक्स्टेन्शन यूट्यूबच्या पानावरची सगळी माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतं. त्याशिवाय त्याचं काम होणारच नाही. म्हणूनच बसवताना परवानगी फक्त यूट्यूबपुरती मागितली आहे की प्रत्येक संकेतस्थळासाठी, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काहीही न बसवता करण्याजोगी एक युक्ती अशी. शॉर्टच्या पत्त्यात "शॉर्ट्स" हा शब्द आणि त्यापुढे व्हिडिओचा ओळख क्रमांक असतो. तोच क्रमांक नेहमीच्या व्हिडिओच्या पत्त्यात घातला की तो शॉर्ट साध्या प्लेअरमध्ये उघडतो: खाली सरकणारी रांग नाही, वेळेची पट्टी हाताशी. कुणी पाठवलेला एखादाच शॉर्ट पाहायचा असेल तर हे फार सोयीचं आहे. हे काम आपोआप करणारी एक्स्टेन्शनंही मिळतात.

फोनवर

खरा प्रश्न फोनचाच आहे, आणि तिथेच उपाय अवघड होतात, कारण यूट्यूबच्या ॲपवर एक्स्टेन्शन चालत नाही. मग ॲप बाजूला ठेवून ब्राउझरमध्ये यूट्यूब उघडणं हा मार्ग उरतो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स एक्स्टेन्शनं चालवतं, आयफोनवर सफारी. संगणकावरचं बरंचसं नियंत्रण यामुळे फोनवर येतं. ॲप बंद मात्र करावं लागतं, नाहीतर दुसरीकडून आलेली लिंक थेट त्याच्यातच उघडते. ब्राउझरमधला अनुभव ॲपइतका गुळगुळीत नसतो. उघडायला दोन पायऱ्या जास्त लागतात, आणि माझ्या मते हाच त्याचा गुण आहे.

अँड्रॉइडवर न्यूपाइपसारखी मुक्त स्रोत ॲप्सही आहेत. त्यांत लॉगिन नाही, अंदाज बांधून पुढ्यात वाढलेलं फीड नाही; आपण निवडलेली चॅनेलं आणि शोध, एवढंच. ज्याला यूट्यूब ग्रंथालयासारखं वापरायचं आहे त्याला ती आवडतील. पण यूट्यूबची त्यांना मान्यता नाही, प्ले स्टोअरवर न्यूपाइप मिळत नाही आणि यूट्यूबने आतलं काही बदललं की ती मध्येच बंद पडतात. मूळ ॲपमध्येच फेरफार करून वाटल्या जाणाऱ्या आवृत्त्या ही वेगळी गोष्ट. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या अशा ॲपमध्ये आपल्या गूगल खात्याचा पासवर्ड घालण्याचा धोका मी तरी कुणाला पत्करायला सांगणार नाही.

उरलेल्या वाटा

शोधासाठी फिल्टर वापरा. प्रकारात "व्हिडिओ" निवडला की शॉर्ट्स वेगळे पडतात. सबस्क्रिप्शनसाठी चॅनेलच्या पानावरचा "व्हिडिओ" टॅब थेट बुकमार्क करावा, कारण तिथे शॉर्ट्सचा टॅब स्वतंत्र असतो. आरएसएस वाचक, म्हणजे निवडलेल्या ठिकाणचं नवं काही आपोआप गोळा करणारं ॲप, वापरणाऱ्यांना आणखी नेमकी सोय आहे. चॅनेलचा ओळख क्रमांक रोमन लिपीतल्या यूसी या अक्षरांनी सुरू होतो. त्यांच्या जागी यूयूएलएफ घातलं की फक्त लांब व्हिडिओंची प्लेलिस्ट मिळते आणि तिचा फीड घेता येतो. ही सोय अधिकृतपणे जाहीर केलेली नाही, तरी माहीतगार लोक ती वापरतात. नोटिफिकेशन चॅनेलच्या घंटीतून बंद होतात.

दोन गोष्टींवर मात्र भिस्त ठेवू नका. प्रीमियम घेतल्याने जाहिराती जातात, शॉर्ट्स राहतात. आणि राउटर किंवा डीएनएसमधून (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतून) फक्त शॉर्ट्स अडवता येत नाहीत, कारण ते आणि लांब व्हिडिओ एकाच डोमेनवरून येतात. अडवलं तर सगळंच अडेल.

मुलांचा प्रश्न वेगळा

मुलांच्या बाबतीत मी हिस्टरीपेक्षा टायमरला वर ठेवतो. जो टायमर मोठ्या माणसाला ढकलून देता येतो तो देखरेखीखालच्या खात्यावर पालकांच्या हाती असतो, आणि ही मर्यादा शून्यावरही ठेवता येईल असं यूट्यूबने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलं. रिस्ट्रिक्टेड मोडकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये. तो प्रौढांसाठीचा आशय गाळण्याचा प्रयत्न करतो, शॉर्ट्स थांबवत नाही.

हे सगळं खात्याला बांधलेलं आहे, हे घरात विसरलं जातं. लॉगआउट केलं किंवा दुसऱ्याच्या खात्यावरून पाहिलं की मर्यादा उरत नाही. म्हणून मुलाच्या फोनवरची सेटिंग लावून झाल्यावर घरातला टीव्ही कुणाच्या खात्यावर चालू आहे तेही पाहा. शॉर्ट्स २०२२ पासून टीव्हीवरही आहेत, आणि एक्स्टेन्शन तिथे बसवता येत नाही.